दहापैकी नऊ शब्द

ज्या बाईंविषयी हा मजकूर आहे त्यांची व माझी ओळख कापडगिरणीत झाली. विणकाम खात्यात शेवटच्या रांगेतले चार माग त्यांच्याकडे होते व त्यांना लागून असलेले चार माझ्याकडे होते. मधल्या अरुंद वाटेत आम्ही दोघींनी सव्वीस वर्षे काढली. पुढे त्यांच्यासोबत कानाच्या यंत्राच्या दुकानात मीच गेले. तेथे जी चूक झाली तिच्यात माझा वाटा आहे. म्हणून हे दुसऱ्या कोणी लिहिण्यापेक्षा मी लिहिणे योग्य आहे.

खात्यात दोनशे माग एका वेळी चालत. प्रत्येक मागाचा आडवे सूत नेणारा धोटा या टोकाहून त्या टोकावर आपटत असे, आणि असे दोनशे धोटे होते. तेथे मोठ्याने बोलणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नवी बाई आली की ती आठ दिवस ओरडत असे, मग तिचा घसा बसत असे, आणि मग ती आमची भाषा शिकत असे. ती भाषा ओठांची होती. तोंड मोठे उघडायचे, शब्दाचा आकार सावकाश करायचा, घशातून मात्र काही काढायचे नाही. बोलणारी लांब असेल तर तिचा शब्द मधल्या बाईने उचलायचा व पुढच्या बाईला द्यायचा. त्याला तिखटमीठ लावायचे नाही व त्यातले काही गाळायचेही नाही, असा नियम होता. कोणाचे मूल तापले, मुकादम येत आहे, पाण्याची टाकी रिकामी झाली, सर्व काही असेच पोहोचत असे. ही सवय अंगात इतकी मुरते की आपल्याला कळलेला शब्द समोरच्या बाईला कळला नाही असे दिसले, तर आपले ओठ विचारल्यावाचून हलतात.

बाईंना खात्यात सगळ्या जणी ‘दुर्बीण’ म्हणत. बारा माग पलीकडच्या बाईच्या ओठांवरचा शब्द त्यांना लागत असे. कचेरीला काचेची भिंत होती. आत साहेब काय बोलले ते दुर्बीणबाई बाहेरून सांगत. त्यांच्यामुळे मुकादमाला शिवी द्यायची झाली तर भिंतीकडे तोंड करावे लागे.

एकदा मुकादम त्यांना म्हणाला, “बाई, तुझ्यासमोर तोंड उघडायची सोय नाही.”

त्या म्हणाल्या, “मग मिटून ठेवा की. खात्याला तेवढाच आराम.”

गिरणी बंद होणार हेही त्यांनीच नोटीस लागण्याच्या दीड महिना आधी काचेतून वाचले. “सुतावरून स्वर्ग गाठू नकोस,” असे मीच त्यांना म्हणाले होते. त्यांचे खरे ठरले.

माग थांबल्यावर आमच्यापैकी पुष्कळ जणींना कानात घूं घूं ऐकू येत राहिले. दुर्बीणबाईंचे तसे नव्हते. त्यांना काहीच ऐकू येत नव्हते, आणि हे कोणाला ठाऊक नव्हते. मला ते कळले ते असे. भाजीच्या गल्लीत मी त्यांना मागून तीन वेळा हाक मारली. त्यांनी वळूनही पाहिले नाही. मला फार राग आला. मी आठ दिवस त्यांच्या घरी गेले नाही. नवव्या दिवशी त्याच माझ्या दारात आल्या.

“काय गं, मेलीस की काय?”

“हाक मारली तर ओ देत नाहीस, आणि वर मलाच मारतेस?”

“समोर येऊन बोलायचं ना! पाठीला कान असतात का कुणाच्या?” असे म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता माझ्या उंबऱ्यावर बसल्या. मग त्यांनी सांगितले. वीस वर्षांपासून कान जात होते. गेली दहा वर्षे जवळजवळ नव्हतेच. समोर तोंड दिसले की सर्व कळते. तोंड वळले की जग बंद.

“आणि घरी?” मी विचारले.

“घरी कुणाला माहीत नाही. यांना तर नाहीच नाही. तू सांगितलंस तर तुझी माझी बोलचाल बंद.”

त्यांचे यजमान पुस्तकबांधणीच्या दुकानात काम करीत. खळीचा वास येणारी बोटे, स्वच्छ नखे व हळू आवाज असे ते गृहस्थ होते. लग्न झाले तेव्हा त्यांना भरघोस मिशी होती. काही वर्षांनी बाईंनी ती काढायला लावली. भांडी घासायच्या ब्रशासारखी दिसते, असे कारण त्यांनी दिले. खरे कारण असे की मिशीने वरचा ओठ झाकला जात होता. बिचाऱ्याने मुकाट्याने काढून टाकली.

मी बाईंना एकदा स्पष्ट विचारले, की एवढ्या सज्जन माणसापासून हे लपवायचे कशाला. त्या म्हणाल्या, “ते चार माणसांत काय सांगतात, ठाऊक आहे? ‘मी बोलायला लागलो की माझी बायको हातातलं काम टाकून माझ्या तोंडाकडे बघते. तुमच्या बायका बघतात भांड्यांकडे.’ आता मी सांगू त्यांना, की अहो, ते प्रेम नव्हतं, बहिरेपण होतं?”

“दोन्ही असेल,” मी म्हणाले.

“असेल. पण एकदा सांगितलं की त्यांना एकच दिसेल.”



त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, सत्तराव्या वर्षी, यजमानांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात व उजवा पाय गेला आणि तोंड एका बाजूला ओढले गेले. बोलणे जड झाले, तरी ते होते. मुलाला व सुनेला दोन आठवड्यांत ते समजू लागले. बाईंना मात्र समजेना, कारण ज्या ओठांवर त्या तीस-पस्तीस वर्षे विसंबल्या होत्या ते ओठ आता शब्दाचा आकार करीत नव्हते. डावा कोपरा हलत असे व उजवा तसाच राहत असे. बाईंनी तेव्हा जे केले ते कोणीही घाबरलेले माणूस करील. ते काही बोलले की त्या हसून “हो, हो” म्हणत व उशी सारखी करीत.

एके दिवशी दुपारी सून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालीत तेथेच बसली होती. यजमान सावकाश, जीभ ओढत बाईंना म्हणाले, “तुला माझा कंटाळा आला आहे का?”

बाई हसून म्हणाल्या, “हो, हो.”

त्यानंतर यजमान त्यांच्याशी बोलेनासे झाले. जे हवे ते मुलाकडे मागत. बाई खोलीत आल्या की डोळे मिटून घेत. सून दोन दिवस कुढली व मग माझ्याकडे आली.

“मावशी, आई असं बोलतील यावर माझा विश्वास बसत नाही. पण मी माझ्या कानांनी ऐकलं. बाबा रडत होते.”

मी दिलेला शब्द मोडला. सुनेला सर्व सांगितले. मग आम्ही दोघींनी बाईंना समोर बसवून, ओठ नीट हलवून, यजमानांनी काय विचारले होते व त्यांनी काय उत्तर दिले ते सांगितले. त्यांच्या हातात कणसाचे दाणे सोलायचे ताट होते. ते त्यांनी खाली ठेवले. त्या म्हणाल्या, “यंत्र घ्यायचं. उद्याच. पण त्यांना दिसणार नाही असलं.”

सून म्हणाली, “आई, सांगूनच टाका ना.”

“आधी मला त्यांचं ऐकू दे. मग काय सांगायचं ते माझं मी बघेन.”

मी त्यांच्यासोबत गेले ते दुकान लहान होते. बाहेर बाकडे, आत एक अरुंद खोली व खोलीत काचेची एक पेटी, जिच्यात माणूस बसू शकेल. यंत्रवाला तरुण होता, पण पोरकट नव्हता. त्याने बाईंना पेटीत बसवले, कानांवर झाकणे चढवली व हातात बटण दिले. आवाज आला की दाबायचे. बाईंनी फार थोड्या वेळा दाबले. तो कागदावर खुणा करीत गेला व खुणांची रेघ उजवीकडे जाता जाता खाली कोसळली.

त्याने कागद आम्हाला दाखवला व बाईंच्या समोर बसून सांगितले, “आजी, जाड आवाज तुम्हाला थोडे येतात. बारीक आवाज जवळजवळ गेलेत. स, श, च, त, थ हे सगळे बारीक आवाज. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. तुम्हाला कानामागे बसणारं, ताकदीचं यंत्र लागेल. त्याला तुमच्या कानाच्या मापाचा साचा करावा लागतो. दहा दिवस जातील.”

बाईंनी काचेखालच्या एका वस्तूवर बोट ठेवले. ती वाटाण्याएवढी होती व कानाच्या आत बसणारी होती. “हे द्या.”

“ते लहान आहे, आजी. त्याची ताकद कमी. सेल तर इतका बारीक, की बसवताना बोटातून निसटतो.”

“बोटांचं मला नका सांगू. तुटलेला धागा चालत्या मागावर गाठलाय मी.”

तो हसला. म्हणाला, “मी विकायलाच बसलोय, पण चुकीचं विकणार नाही. दोन्ही लावून बघू. मी तोंड झाकून दहा शब्द बोलेन. तुम्ही ऐकून परत म्हणायचे. किती बरोबर येतात त्यावर ठरवू.”

खोलीत तिसऱ्या माणसाला जागा जेमतेमच होती. त्याने मला आपल्या मागे, भिंतीशी असलेल्या स्टुलावर बसायला सांगितले. बाई त्याच्या समोर होत्या. म्हणजे त्याच्या खांद्यावरून बाईंना माझा चेहरा सरळ दिसत होता.

प्रथम त्याने लहान यंत्र लावले. तोंडासमोर पुठ्ठा धरला व म्हणाला, “खिडकी.” बाई गोंधळल्या. त्यांची नजर पुठ्ठ्यावरून इकडे तिकडे गेली. मग त्या म्हणाल्या, “खिडकी.” तो म्हणाला, “साबण.” त्या म्हणाल्या, “साबण.” असे दहा शब्द झाले. नऊ बरोबर आले. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. दुसरे दहा शब्द घेतले. पुन्हा नऊ.

“कागद एक सांगतो आणि तुम्ही दुसरंच,” तो म्हणाला. “मोठं लावून बघायचं का?”

“नऊ आले ना? मग मोठं कशाला?” बाईंचा चेहरा असा उजळला होता की मलाही म्हणावेसे वाटले, “खरंच, कशाला?” आणि मी तसे म्हणालेही.

मला येथे हे स्पष्ट करावयाचे आहे, की बाईंनी फसवले नाही व मीही जाणून काही केले नाही. त्यांच्या लेखी शब्द पोहोचला म्हणजे ऐकू आला. कानाने किती आला व डोळ्याने किती आला याची वाटणी त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती. माझ्यापुरते सांगायचे तर माझे ओठ हलत होते हे मला माहीतच नव्हते.

बाईंनी ते यंत्र घरी नेले. केस कानावर ओढून घेतले की ते दिसत नसे. पहिल्या दिवशी त्यांना पंख्याची घरघर ऐकू आली व भांडे पडल्याचा आवाज ऐकू आला. त्या यजमानांच्या उशाशी जाऊन बसल्या व म्हणाल्या, “अहो, काहीतरी बोला.”

ते बोलले. त्यांना समेट हवाच होता. बाईंना आवाज आला, शब्द आला नाही. त्यांनी पुन्हा बोलायला लावले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस यजमानांना दम लागला.

आता या ठिकाणी बाईंनी जो निष्कर्ष काढला तो चुकीचा होता, पण अडाणीपणाचा नव्हता. यंत्र नीट आहे, दहापैकी नऊ शब्द येतात, हे त्यांच्यासमोर सिद्ध झाले होते. तेव्हा दोष यजमानांच्या वाचेत आहे, ती आता संपली, असे त्यांनी धरले. त्यांनी यजमानांच्या तोंडावर हात ठेवला व फार मायेने सांगितले, “नका बोलू. तुम्हाला त्रास होतो. काही बोलू नका.”

यजमानांनी ऐकले. ते तसेही बायकोचे ऐकत आले होते.

असा एक महिना गेला. बाई दिवसभर त्यांच्याजवळ बसत, पाय चेपत, चमच्याने पेज भरवीत. दोघांत एक शब्द नसे. सुनेने दोनदा सांगून पाहिले, “आई, बाबा बोलतात हो. मला कळतं.” बाई म्हणत, “तुला अंदाजाने कळत असेल.”

महिन्याने यंत्रवाल्याने तपासणीला बोलावले होते. मला ताप होता. बाईंसोबत सून गेली व बाहेरच्या बाकावर बसली. आत त्याने पुठ्ठा धरून तेच दहा शब्द म्हटले. बाईंना दोन आले. त्याने यंत्र उघडून पाहिले, सेल बदलला. पुन्हा दोन. मग तो सुनेकडे येऊन म्हणाला, “मागच्या वेळी आजींबरोबर कोण होतं? आणि त्या काय काम करायच्या?” सुनेने सांगितले. त्याने पुठ्ठा टेबलावर ठेवला व म्हणाला, “माझी चूक झाली. मी मागे बघायला हवं होतं.” त्याने बाईंच्या कानात गुलाबी मऊ लगदा भरून माप घेतले. साचा यायला दहा दिवस लागणार होते. तोपर्यंत मोठे यंत्र देता येत नव्हते, कारण साच्याशिवाय ते कानात शिट्टी वाजवत राहते.

सून घरी जाताना माझ्याकडे आली. मी अंथरुणात होते. तिने “दोन” म्हटले आणि मला स्टूल आठवले, पुठ्ठा आठवला, बाईंची माझ्यावर लागलेली नजर आठवली. मी आरसा मागितला. सुनेला म्हटले, “बाळ, काही शब्द म्हण.” ती म्हणाली, “टेबल. चप्पल. पाऊस.” माझे ओठ आरशात माझ्या डोळ्यांदेखत हलत होते.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला तशी मी गेले. बाईंना सर्व सांगितले. त्या संतापल्या. “तुला कुणी सांगितलं होतं ओठ हलवायला? महिनाभर त्यांना गप्प बसवलं मी! त्यांची वाचा आहे, आणि मी तोंडावर हात ठेवला!” थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले व माझे मनगट धरून मला आतल्या खोलीत नेले. पलंगाच्या उशाशी, भिंतीला पाठ लावून मला बसवले व स्वतः समोर बसल्या. म्हणाल्या, “आता हलव. ते बोलतील ते सगळं मला दे.”

मग त्यांनी यजमानांना सांगितले. “अहो, मी बहिरी आहे. वीस वर्षं झाली. तुमचं तोंड बघून मला कळायचं. आता कळत नाही.”

यजमानांनी त्यांच्याकडे पाहिले. मग बोलले. मी कान जवळ नेला व शब्द जसाच्या तसा पुढे दिला. “म्हणून माझी मिशी गेली?”

बाईंना हसू फुटले व रडूही आले. सून दारात उभी होती, तीही हसली.

ते पुढे बोलले व मी तेही दिले. नियमाप्रमाणे काही गाळले नाही. “मला वाटायचं, तुला माझं तोंड बघायला आवडतं.”

“आवडायचंच. नाहीतर बघून कळण्यासारखी दुसरी तोंडं काय कमी होती गल्लीत?” मग त्यांनी यजमानांचा चांगला हात दोन्ही हातांत घेतला. “त्या दिवशी मी हो म्हटलं ते तुमच्या प्रश्नाला नव्हतं. मला प्रश्नच कळला नव्हता.”

यजमानांनी डोळे मिटले. त्यांना पटले की नाही, हे मी सांगू शकत नाही. थोड्या वेळाने त्यांनी पाणी मागितले. मी शब्द दिला व बाईंनी पाणी दिले. पुढचे दोन दिवस मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तेथे बसत होते. ते जुन्या गोष्टी काढीत. बांधणीत एकदा पाने उलटी लागली होती ती, लग्नानंतरचे भाड्याचे घर, मुलाचे पहिले बूट. बाई ऐकत, म्हणजे माझ्याकडे पाहत. एकदा मध्येच त्यांनी मला थांबवले. म्हणाल्या, “बोलणं त्यांचं येतंय गं. पण तुझ्या तोंडून येतं तेव्हा ते तुझ्यासारखंच वाटतं. साचा आला की मी त्यांच्याकडे बघेन.”

रविवारी सकाळी यजमानांना दुसरा झटका आला व अर्ध्या तासात सर्व संपले. साच्याला अजून पाच दिवस होते.

दुकानातून निरोप आला तेव्हा घरात माणसांची ये-जा होती. मुलगा आईला म्हणाला, “आई, राहू दे का आता? घाई काय आहे?” पंधरा दिवसांनी बाई माझ्याकडे आल्या व म्हणाल्या, “चल.”

वाटेत त्या एकदाच बोलल्या. “तुला वाटत असेल, आता कुणाचं ऐकायचंय हिला.”

मी म्हणाले, “मला तसं वाटत नाही.” खरे तर मला तसेच वाटत होते.

“मलाही वाटतं,” त्या म्हणाल्या. “पण पुढच्या कुणाला मी नुसतं हो, हो म्हणणार नाही.”

यंत्रवाल्याने आतून दार उघडले व खुणेने त्यांना बोलावले. त्याच्या हातात कानाच्या आकाराचा साचा होता. मी सवयीने त्यांच्याबरोबर उठले. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला हळूच बाकावर बसवले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“या वेळी तू बाहेर बस,” त्या म्हणाल्या.